पांढऱ्या ऑइलपेंटच्या कपाटाला ग्लेझ देऊन जुनेपणा कसा आणायचा?

दोन_हात

नमस्कार मंडळी.

सागवानी कपाट आहे. उंची सहा फूट, रुंदी साडेतीन. दोन दारं, प्रत्येक दाराला वर-खाली दोन पॅनल, पॅनलभोवती बीडिंग (उठावाची अरुंद पट्टी), माथ्यावर कोरीव महिरप. जुनं पॉलिश घासून काढलं, लांबी (पुट्टी) भरली, प्रायमर दिला आणि वर पांढऱ्या सिंथेटिक इनॅमलचे, म्हणजे ऑइलपेंटचे, दोन हात झाले. रंग ग्लॉस आहे आणि मारून दहा दिवस झालेत. आता ते दवाखान्यातल्या कपाटासारखं पांढरंफेक दिसतंय. ग्लेझने, म्हणजे लावून पुसायच्या पातळ पारदर्शक रंगाने, नक्षीच्या खाचांत तपकिरी झाक यावी, जुन्या रंगवलेल्या लाकडाला येते तशी, पण मळकट दिसू नये.

ड्रॉवरच्या मागच्या बाजूला वॉलनट वूड स्टेन फडक्याने लावून पाहिला. सपाट भागावर त्याचे थेंब थेंब झाले आणि पुसल्यावर काहीच उरलं नाही. खाचांत जो उरला तो गुलाबीसर दिसतोय.

ग्लेझ तेलाचं करावं की पाण्याचं? घरी बनवता येतं का, प्रमाण काय? ग्लॉस रंग पुन्हा काढावा लागेल का? आणि शेवटी वरून काय मारायचं? कपाट रत्नागिरीत आहे, पाऊस लागायच्या आत उरकायचंय.

---

पटाशी

थेंब झाले यात स्टेनचा दोष नाही, खालच्या ग्लॉसचा आहे. ग्लेझला धरून राहायला किंचित खरखर लागते. ग्लॉसवर ते गोळा होतं आणि सरकतं. मॅट रंगाचं उलट. मॅटवर, त्यातही चॉक पेंटवर, ग्लेझ लागताक्षणी आत शोषलं जातं आणि कितीही पुसलं तरी डाग मागे राहतो. म्हणून ग्लेझखाली सॅटिनच्या आसपासची, म्हणजे ग्लॉस आणि मॅटच्या मधली, चकाकी लागते. लोक ग्लेझच्या रंगावर तासन्‌तास डोकं खपवतात आणि खालच्या थराकडे बघतही नाहीत, निम्मी कामं तिथेच बिघडतात.

रंग काढायची गरज नाही. ३२० नंबरचा वॉटर पेपर पाण्यात बुडवून हलक्या हाताने फिरवा. चकाकी मरून सगळीकडे एकसारखा मंदपणा आला की थांबा. एखादा टिकलीएवढा चकचकीत ठिपका राहिला तरी ग्लेझ तिथेच फुटतं, म्हणून बॅटरीचा उजेड तिरपा पाडून तपासा. खाचांत कागद पोचत नाही, तिथे भांडी घासायचा हिरवा स्क्रबर चालतो. कडांवर जोर नको, दोन हातांचा थर कडेला सगळ्यात पातळ असतो आणि लगेच प्रायमर डोकावतो. घासून झालं की ओल्या फडक्याने पुसा आणि नक्षीतली पूड जुन्या टूथब्रशने काढा. पूड खाचांत राहिली तर ग्लेझमध्ये कालवून करडा चिखल होतो, आणि तो वाळल्यावर टोकरूनच काढावा लागतो.

दहा दिवसांवर अजून थोडे दिवस जाऊ द्या. इनॅमल रात्रभरात वाळतं ते वरवर, आतून कडक व्हायला उन्हाळ्यातसुद्धा दोन-तीन आठवडे धरावेत. कपाटाच्या मागच्या बाजूला नख दाबून पाहा. खूण उमटली तर थांबा. टर्पेंटाइन असलेलं ग्लेझ कच्च्या इनॅमलवर चोळलं की पांढरा रंगच फडक्यावर येतो.

तुमच्या कपाटावर आधी पॉलिश होतं म्हणून प्रश्न नाही. पण जुन्या ऑइलपेंटच्या वस्तूवर हे करणाऱ्यांनी कोरडं घासू नये. घरगुती रंगांत शिसं ९० पीपीएमपेक्षा (दहा लाख भागांत ९० भाग) जास्त नको हा नियम आपल्याकडे १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. त्याआधीच्या रंगात किती असेल याचा भरवसा नाही. ओलं घासा, मास्क लावा, आणि निघालेला गाळ मोरीत न सोडता कागदात गुंडाळून टाका.

---

रॉ_अंबर

वर पटाशींनी पाया सांगितलाच आहे. आता ग्लेझ.

माझं मत तेलाच्या बाजूने. हाताला वेळ मिळतो, चुकलं तर पुसता येतं, आणि कोरीवकामावर घाई करून भागत नाही.

प्रमाण सरळ आहे: डबल बॉइल्ड बेलतेल (जवसाचं तेल) एक भाग, टर्पेंटाइन एक भाग, तेलावर चालणारं क्लिअर व्हार्निश एक भाग. तुमच्या कपाटाला प्रत्येकी १०० मिली घेतलंत तर उरेल. बेलतेल वाढवू नका. जास्त तेलाचं ग्लेझ काम करताना लोण्यासारखं सुखाचं वाटतं आणि मग आठवडाभर चिकट राहतं, त्यावर धूळ बसते ती वेगळीच. टर्पेंटाइन वाढलं तर उभ्या भागावरून ओघळ येतात.

रंग म्हणून चित्रकारांच्या ऑइल कलरच्या ट्यूब घ्या. ३०० मिलीला साधारण १० मिली रंग, म्हणजे २० मिलीच्या ट्यूबमधला निम्मा. तो थेट डब्यात पिळायचा नाही. आधी बशीत चमचाभर टर्पेंटाइनमध्ये ब्रशने चांगला घोटून गाठी मोडायच्या, मग थोडं थोडं ग्लेझ घालत सैल करायचा. न फुटलेली एक गाठ पुसताना फूटभर लांब रेघ ओढते. दाटपणा बघायला वर्तमानपत्रावर एक फराटा मारा. खालची अक्षरं वाचता आली पाहिजेत. आली नाहीत तर तो रंग झाला, ग्लेझ नाही.

गुलाबी छटेबद्दल: बहुतेक वॉलनट स्टेनमध्ये लाल अंश असतो. लाकडावर तो कळत नाही, पांढऱ्यावर पातळ झाला की उघडा पडतो. अंबर हा तपकिरी मातीरंग, त्यातल्या बर्न्ट अंबरचंही तेच, तो लालसर आहे. रॉ अंबर हिरवट-करड्याकडे झुकतो आणि पांढऱ्यावर, फिक्या हिरव्यावर किंवा निळ्यावर खऱ्या धुळीसारखा दिसतो. तुमच्यासाठी तीन भाग रॉ अंबर, एक भाग बर्न्ट अंबर. आणखी गडद हवं असेल तर काळ्याचा नखाएवढा ठिपका, त्याहून जास्त नाही. काळ्याने पांढरा रंग मळका दिसतो. शिवाय काजळीचा काळा तेलाचं वाळणं लांबवतो. अंबरमध्ये मॅंगनीज असतं, त्याने तेल उलट लवकर वाळतं. पिवळा किंवा विटकरी पाया असता तर मी बर्न्ट अंबरच सांगितला असता.

हार्डवेअरच्या दुकानातले युनिव्हर्सल स्टेनर (रंगात मिसळायचे दाट रंग) हेही चालतात, पण त्यात रंग धरून ठेवणारं माध्यम नसतं, ते आपले आपण वाळत नाहीत. ३०० मिलीला १५ मिलीच्या वर गेलात तर ग्लेझ हाताला लागत राहील.

लावण्याचा क्रम दार रंगवतानाचाच. मुठी, कड्या, कुलपाची पट्टी आधी काढून ठेवा. एका वेळी एकच दार घ्या आणि जमलं तर बिजागऱ्या सोडवून आडवं ठेवा. आधी बीडिंग आणि पॅनल, मग मधली आडवी पट्टी, वरची-खालची आडवी पट्टी, शेवटी दोन्ही उभ्या पट्ट्या. प्रत्येक भाग लावून पुसून झाल्यावरच पुढचा. असं केलं की ग्लेझची हद्द नेमकी लाकडाच्या जोडावर येते. तिथे छटेत थोडा फरक पडला तरी तो जोडाचाच वाटतो, शिवाय प्रत्येक पट्टीवर पुसल्याच्या रेषा तिच्या लांबीच्या दिशेने राहतात.

कडक केसांच्या एक इंची ब्रशने ग्लेझ खाचांत ठोकून भरा, वरून नुसतं फिरवू नका, नाहीतर नक्षीच्या तळाशी पांढरे ठिपके राहतात. पाच ते दहा मिनिटांत ओली चमक उतरते, तेव्हा पुसायला घ्या. जुन्या बनियनचं कापड उत्तम, टॉवेलचे धागे चिकटतात. बोटावर कापड ताणून धरा, म्हणजे ते उंचवट्यावरून सरकतं आणि खाचेत शिरत नाही. सपाट भागावर लांबीच्या दिशेने पुसा, मग तीन इंची कोरडा मऊ ब्रश टेकेल-न-टेकेल असा फिरवून फडक्याच्या खुणा विरवा. दर दोन-तीन फटक्यांनी ब्रश कोरड्या कापडाला पुसायचा, भिजलेला ब्रश विरवत नाही, नव्या रेघा ओढतो.

कुठे ठेवायचं आणि कुठून काढायचं, यावर सगळा खेळ आहे. हात आणि फडकं पोचतं तिथे वस्तू झिजते, पोचत नाही तिथे मळ साचतो. नक्षीचे उंचवटे स्वच्छ, तळ गडद. महिरपीच्या वरच्या बाजूला धूळ बसते, खालच्या बाजूला नाही. तळपट्टीवर फरशी पुसताना लागलेल्या पाण्याचा धूसर पट्टा येतो. मुठीच्या अगदी जवळ रंग झिजलेला आणि त्याभोवती बोटांचा मळ. बिजागरीच्या बाजूला जास्त, उघडझाप होते त्या कडेला कमी. पॅनलच्या चारही कोपऱ्यांत एकाच मापाचे तपकिरी त्रिकोण ठेवणं हा बाजारातल्या नकली जुन्या फर्निचरचा शिक्का आहे. वरचे दोन कोपरे जवळजवळ पुसून टाका, खालचे दोन ठेवा, तेही सारखे नकोत.

---

पाणरंगी

वरच्या पद्धतीत चूक काही नाही, पण रत्नागिरी आणि तोंडावर आलेला पाऊस हे विसरून चालणार नाही. मे महिन्यातल्या कोकणच्या दमट हवेत तेलाचं ग्लेझ चार-पाच दिवस तरी ओलसर राहतं. दुसरं म्हणजे बेलतेल पिवळतं, आणि उजेडापेक्षा अंधारात जास्त पिवळतं. दारांची आतली बाजू आणि बाहेरची बाजू वर्षभरात दोन वेगळ्या रंगांच्या दिसतील.

पाण्याचं करायचं तर: ॲक्रिलिक ग्लेझिंग मीडियम चार भाग, ॲक्रिलिक रंग एक भाग, पाणी एकूणाच्या दहाव्या हिश्श्यापर्यंतच. पाणी त्याहून वाढलं की माध्यम पातळ पडतं आणि वाळल्यावर ओल्या बोटाने निघतं. भिंतीचं इमल्शन पाण्याने सैल करून ग्लेझ म्हणून वापरायचा सल्ला सर्रास दिला जातो, तो घेऊ नका. त्यात झाकणारे पांढरे पिगमेंट आणि खडूसारखी भर असते, तपकिरी छटा पारदर्शक न राहता पिठूळ दिसते.

इनॅमलवर थेट लावू नका. पटाशींनी सांगितल्याप्रमाणे घासल्यावर वॉटर बेस पीयूचा (पाण्याच्या पॉलियुरेथेन व्हार्निशचा) सॅटिन क्लिअर एक हात द्या आणि रात्रभर वाळू द्या. ग्लेझ त्यावर नीट बसतं. मनासारखं नाही झालं तर ओलं असताना ओल्या फडक्याने सगळं पुसून पुन्हा सुरुवात करता येते, खालच्या पांढऱ्याला धक्का लागत नाही.

खरी अडचण वेळेची आहे. हातात दहा मिनिटं असतात, उन्हाळ्यात पाच-सहा. पंखा बंद ठेवा, सकाळी लवकर करा, पॅनलवर आधी स्प्रेच्या बाटलीने पाण्याचा हलका फवारा मारा. ग्लिसरीन घालून वेळ वाढवता येतो, पण २५० मिलीला एका छोट्या चमच्यावर जाऊ नका. ग्लिसरीन हवेतला ओलावा ओढतं, जुलैत कपाट हाताला चिकट लागेल.

---

रॉ_अंबर

पिवळेपणाबद्दल थोडा मतभेद. जुनेपणाच हवा असेल तर पांढऱ्याने थोडं पिवळं पडणं हा फायदाच आहे. आत-बाहेर फरक पडतो हे मात्र बरोबर, म्हणून दाराच्या आतल्या बाजूला ग्लेझ देऊच नका, तिथे कोणी बघायला जात नाही. मुदतीचा मुद्दा मान्य. पाऊस सुरू झाल्यावर तेलाला हात लावू नये.

---

दोन_हात

सगळ्यांचे आभार. प्लायच्या तुकड्यावर बीडिंग ठोकून, तोच प्रायमर आणि तेच इनॅमल मारून नमुना केला. तेलाचं ग्लेझ, ३:१ रॉ आणि बर्न्ट अंबर. छटा अगदी हवी तशी आली, गुलाबी अजिबात नाही. दोन शंका उरल्या. सपाट भागावर मध्येच एक आडवी गडद रेष राहिली, तिथे ग्लेझचा एक पट्टा संपून दुसरा सुरू झाला होता. आणि कडा थोड्या घासून लाकूड दिसू दिलं होतं, तिथे ग्लेझ जवळजवळ काळं झालं. कपाटाच्या कडाही घासायचा विचार आहे.

---

पटाशी

रेष आली कारण पहिल्या पट्ट्याची कड सुकू लागली होती आणि दुसरा तिच्यावर चढला. तिथे दोन थर झाले. एका वेळी जेवढं दहा मिनिटांत पुसून होईल तेवढंच लावा आणि थांबायचं ते जोडावर किंवा बीडिंगपाशी, मोकळ्या मैदानात कधीच नाही. कपाटाच्या बाजूच्या सहा फुटी फळीला जोड नाही, तिथे दोघं हवेत: एक लावणारा, एक मागोमाग पुसणारा. एकट्याने करायचं तर बाजूंना ग्लेझ निम्म्याने पातळ करा, बाजूवर तसंही कोणी नक्षी शोधत नाही.

कड काळी पडली कारण उघडं लाकूड ग्लेझ पितं, आणि आडव्या कापाची बाजू तर आणखी पिते. घासलेल्या कडांना आधी चपड्याचा (पॉलिशच्या लाखेचा) हात द्या. २५ ग्रॅम चपडा २०० मिली स्पिरिटमध्ये रात्रभर भिजवून गाळून घ्या, बारीक ब्रशने फक्त उघड्या लाकडावर. अर्ध्या तासाने दुसरा हात. मग ग्लेझ तिथे फक्त झाक देईल. साध्या चपड्यात मेण असतं, त्यावर वॉटर पीयू नीट धरत नाही, म्हणून पांढऱ्या भागावर तो पसरू देऊ नका. मेण काढलेला चपडा मिळाला तर ही काळजीच नाही.

कडा घासायला २२० चा कागद लाकडी ठोकळ्यावर गुंडाळून घ्या. दाराची मुठीकडची कड, तळपट्टीचे बाहेरचे कोपरे, महिरपीची सगळ्यात पुढे आलेली टोकं. आतल्या कोपऱ्यात लाकूड उघडं करू नका, तिथे कोणाचा हात लागत नाही. लाकूड, प्रायमर आणि पांढरा रंग अशा तीन पट्ट्या पायरीपायरीने दिसल्या की झीज खरी वाटते. एकदम पांढऱ्यातून लाकूड निघालं तर ते नुसतं खरचटल्यासारखं दिसतं. क्रम असा: कडा, चपडा, ग्लेझ.

एखाद्या ठिकाणी गडद झालं तर पहिल्या अर्ध्या तासात टर्पेंटाइनचं फडकं पुरे. वाळल्यावर करडा बारीक स्क्रबर पॅड हलका फिरवा. स्टील वूल वापरू नका: त्याचे कण पांढऱ्यात अडकतात, वरून पाण्याचं क्लिअर लागलं की गंजाचे ठिपके उठतात.

---

पाणरंगी

वरच्या थराबद्दल कोणी लिहिलं नाही अजून.

पॉलिशवाला आला तर तो एनसी (नायट्रोसेल्युलोज) लॅकर किंवा मेलामाईन, म्हणजे थिनरवरची क्लिअर पॉलिशं, फवारू का म्हणून विचारेल. नाही म्हणा. त्यातलं थिनर इनॅमलला फुगवतं, दोन मिनिटांत सगळा रंग सुरकुततो आणि मग खरवडण्यावाचून इलाज नाही. तेलाचं पीयू चालतं, पण पिवळेपणा वाढवतं.

तेलाचं ग्लेझ पूर्ण वाळल्यावर वॉटर बेस पीयू मॅट, दोन हात. पूर्ण वाळलं हे ओळखायला खाचेत, जिथे थर सगळ्यात जाड आहे तिथे, कापसाचा बोळा दाबा. तंतू चिकटले तर अजून दोन दिवस. सपाट भाग कोरडा लागतो म्हणून फसू नका. पहिला हात पातळ द्या, मऊ ब्रशने, एका दिशेने, आणि त्याच जागी पुन्हा घासू नका, नाहीतर ग्लेझ ओढलं जातं. ग्लॉस क्लिअर लावलंत तर सगळा जुनेपणा प्लॅस्टिकच्या आवरणाखाली गेल्यासारखा दिसेल.

मेण लावायचं असेल तर ते सगळ्यात शेवटी. मेणावर नंतर कुठलंच व्हार्निश धरत नाही. आपल्याकडच्या उन्हाळ्यात नुसतं मधमाश्यांचं मेण मऊ पडून धूळ ओढतं, त्यामुळे या कपाटाला मी ते सुचवणार नाही.

---

रॉ_अंबर

बारीक काळे ठिपके हवे असतील तर पीयूच्या दोन हातांच्या मध्ये उडवा. थोडं ग्लेझ टर्पेंटाइनने सैल करून त्यात टूथब्रश बुडवा, झटकून घ्या, आधी वर्तमानपत्रावर उडवून मोठे थेंब संपू द्या आणि मग फूटभर अंतरावरून अंगठ्याने केस मागे ओढून सोडा. महिरपीजवळ आणि तळाशी, पॅनलच्या मध्यभागी नको. दुसरा हात द्यायच्या आधी ठिपके दोन दिवस वाळू द्या.

आणि एक गोष्ट सगळ्यांकडून राहिली. बेलतेलाची फडकी चुरगळून कोपऱ्यात किंवा कचऱ्याच्या पिशवीत टाकू नका. तेल वाळताना उष्णता निघते, बोळ्यात ती अडकून राहते आणि काही तासांत फडकं आपोआप पेट घेऊ शकतं. काम संपलं की प्रत्येक फडकं मोकळ्या हवेत दोरीवर एकेरी पसरा, किंवा पाण्याने भरलेल्या डब्यात बुडवून झाकण लावा. पुसायला वापरलेल्या वर्तमानपत्रांचंही तेच करा.

---

दोन_हात

फडक्यांचं माहीत नव्हतं, डबा आणून ठेवला. पितळी मुठी आणि कुलपाची पट्टी ब्रासोने चकचकीत करू की तशाच ठेवू?

---

पटाशी

तशाच. साबणाच्या पाण्याने धुवा, पूर्ण कोरड्या करा आणि पीयूचा दुसरा हात कडक झाल्यावर बसवा, म्हणजे किमान आठवडाभराने. त्याआधी स्क्रू आवळले तर पट्टीखालचा थर दबून कडेने फुटतो.